मोडण्याचा अधिकार : दिवाळीतला किल्ला, अंगणवाडीची भिंत आणि मुलांचा सहभाग

१.

लहान मुलांसाठी काही उभारायचे तर ते मुलांना विचारून उभारावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. बालशिक्षणाच्या शिबिरांत, शासकीय परिपत्रकांत आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘मुलांचा सहभाग’ हे शब्द इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात मला तोच प्रश्न विचारायचा आहे. तीन ते सहा-सात वर्षांचे मूल एखाद्या जागेच्या, वस्तूच्या किंवा खेळाच्या रचनेत भाग घेते, म्हणजे नेमके काय करते? आणि ते खरोखर भाग घेते आहे की नुसते हजर आहे, हे ओळखायचे कसे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. साहित्याच्या वाचकाला बारामती ठाऊक असते ती कवी मोरोपंतांची म्हणून, आणि इंदापूर भोसल्यांच्या जहागिरीचे म्हणून. मला मात्र हे तालुके सोयीचे वाटले ते वेगळ्या कारणाने. दिवाळीच्या आगेमागे इथे तीन गोष्टी एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात : अंगणात मुलांनी रचलेला किल्ला, रंगीत चित्रांनी भरलेली अंगणवाडीची भिंत आणि ऊसतोडीसाठी नुकत्याच आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांभोवती खेळणारी मुले. गेली काही वर्षे या भागात फिरताना केलेली टिपणे हा या लेखाचा एक आधार आहे. ते सर्वेक्षण नाही, त्यातून टक्केवारी निघणार नाही. दुसरा आधार या विषयावरील देशी-परदेशी विचारांचा आहे. हे दोन्ही आधार एकमेकांवर घासून पाहावेत, एवढाच माझा प्रयत्न.

‘डिझाइन’ या शब्दाला मराठीत आराखडा, संकल्पन, रचना असे पर्याय आहेत. मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून केलेल्या रचनेला मी इथे ‘सहरचना’ म्हणतो.

२.

या विषयाची आजची परिभाषा बरीचशी १९८९ च्या बालहक्क संहितेपासून सुरू होते. या संहितेच्या बाराव्या कलमाने, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क दिला. वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असेही त्यात आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने हा हक्क अगदी लहान, शाळापूर्व वयाच्या मुलांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

१९९२ सालीच रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शेरी आर्नस्टिन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी कल्पिलेली शिडी हे तिचे मूळ. खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. पहिली, मुलांना पुढे करून आपलेच म्हणणे रेटणे. दुसरी, मुलांचा सजावटीसारखा वापर करणे. तिसरी, नावापुरते त्यांना बोलावणे. सगळ्यात वरच्या पायरीवर कामाला सुरुवात मूल करते आणि निर्णय मोठ्यांबरोबर वाटून घेते. आपल्याकडच्या समारंभांत स्वागतगीत म्हणणारी, पाहुण्यांना गुलाबाचे फूल देणारी मुले आठवली की दुसरी पायरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात मुलांसाठी संगणकीय साधने घडवताना ॲलिसन ड्रुइन यांनी दुसरी मांडणी केली. २००२ च्या लेखात त्यांनी मुलाच्या चार भूमिका सांगितल्या : वापरणारा, चाचणी देणारा, माहिती देणारा आणि रचनेतला भागीदार. त्यांचे काम मुख्यतः सात ते अकरा वर्षांच्या मुलांबरोबर चाले. चार ते सहा वर्षांच्या मुलांना गटात एकमेकांच्या कल्पना जोडणे जड जाते, हे ध्यानात आल्यावर त्याच विद्यापीठातल्या मोना ली गुहा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कल्पना मिसळण्याचे एक तंत्र सुचवले. आधी प्रत्येकाने आपले चित्र काढायचे, मग दोघांनी आपली चित्रे कापून, चिकटवून एक करायचे, आणि असे करत करत साऱ्या गटाची एक कल्पना बनवायची. इंग्लंडमध्ये ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘मोझेइक’ पद्धतीत तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती कॅमेरा दिला जातो, मुले मोठ्यांना आपली जागा हिंडून दाखवतात आणि त्या फोटोंचे नकाशे बनवतात. बोलण्यावरचा भार त्यात बराच कमी होतो.

या साऱ्यांचे ऋण मान्य करूनही एक अडचण उरते. शिडी असो वा भूमिका, मुलाचा सहभाग म्हणजे त्याचे ‘मत’, असे या मांडण्यांत धरले जाते. मत घ्यायचे तर मोठ्याने विचारायचे आणि मुलाने सांगायचे, मग ते शब्दांत असो, चित्रात असो की फोटोत. आपल्या खेड्यातल्या चार वर्षांच्या मुलाला बाहेरून आलेल्या माणसाने “बाळा, तुला काय पाहिजे?” असे विचारून पाहावे. मूल आईच्या किंवा अंगणवाडीताईंच्या मागे जाते. फारच आग्रह केला, तर ताई हळूच जे सुचवतील ते म्हणते. मग अहवालात लिहिले जाते : ‘मुलांनी घसरगुंडी मागितली.’ हार्ट यांनी स्वतःच पुढे आपल्या शिडीला मोजपट्टी समजू नये, असे बजावले होते. पण आपल्याकडे मोजपट्टी घेतली जाते आणि ताकीद मागे राहते.

त्यामुळे मी या लेखात वेगळी कसोटी वापरतो. मुलाला विचारले का, हे मी आधी पाहत नाही. मुलाच्या हाताने ती रचना बदलू शकते का, हे पाहतो. मूल ती मोडू शकते का? मोडल्यावर ते पुन्हा रचू शकते का? आणि त्या मोडण्याची दखल घेऊन मोठ्यांची पुढची कृती बदलते का?

३.

ही कसोटी परकी नाही. तिच्या खुणा मराठी बालशिक्षणाच्या इतिहासातच सापडतात, आणि त्यासाठी पुणे जिल्हा सोडून थोडे बोर्डी-कोसबाडकडे जावे लागते. आज गावोगावी असलेल्या ‘अंगणवाडी’ची कल्पना तिथल्या अनुभवातून पुढे आली.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभा केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातल्या बालमंदिरासाठी घडलेली माँटेसरी साधने महाग होती. ती बाजूला ठेवून दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबू यांतून साधने बनवली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचे कौतुकही भरपूर झाले आहे.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दुसरा आहे. बालवाडी उघडली तरी आदिवासी पाड्यांवरची मुले तिथे येईनात. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, तर शाळाच कुरणावर गेली. ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ या दोन्ही रचना मुलांच्या गैरहजेरीतून घडल्या. मुलांना कोणी प्रश्नावली दिली नव्हती. ती आली नाहीत, एवढेच. त्यांच्या न येण्याला ताराबाई आणि अनुताईंनी आळस किंवा अडाणीपण म्हटले नाही. त्यांनी त्याला रचनेवरचा अभिप्राय मानले, आणि रचना बदलली. ड्रुइन यांच्या भाषेत सांगायचे तर मूल इथे फार तर चाचणी देणारे आहे. पण त्या चाचणीचा निकाल मोठ्यांनी इतका मनावर घेतला की साऱ्या संस्थेने जागा बदलली. हार्टच्या शिडीवर याला पायरी नाही. मूल इथे काहीच बोलत नाही, तरी सगळे त्याच्यामुळे ठरते.

या प्रयोगाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. साधने स्थानिक झाली, तरी ती घडवणारे हात शिक्षिकांचेच राहिले. शिंपल्यांनी मोजावे की शिंपल्यांचे आणखी काही करावे, हे ठरवण्यात मुलाचा वाटा किती होता, ते आपल्यापर्यंत पोहोचलेल्या लेखनातून फारसे कळत नाही. तरीही पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली, तेव्हा नाव गेले, पण मुलाच्या वागण्यावरून रचना बदलण्याची ती तयारी नावाबरोबर गेली नाही.

४.

बारामती-इंदापूरच्या अंगणवाड्या आता पुष्कळ ठिकाणी पक्क्या इमारतींत आहेत. बऱ्याच ठिकाणी भिंती आतून-बाहेरून रंगवलेल्या आहेत : मुळाक्षरे, अंक, फळे, वाहने, प्राणी. या ‘बोलक्या भिंतीं’मागे एक चांगली कल्पना आहे, हे आधी सांगितले पाहिजे. दिल्लीच्या विन्यास संस्थेचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी युनिसेफच्या साहाय्याने ‘बाला’ हा विचार पुढे आणला. इमारत हेच शिकण्याचे साधन व्हावे, असा त्याचा गाभा. दार उघडताना त्याच्या खालच्या फरशीवर कोन मोजता यावेत, खिडकीच्या गजांतून आकार हाताळता यावेत, पायऱ्या चढता-उतरता मोजणी व्हावी, अशा त्यातल्या सूचना मुलाच्या शरीराला कामाला लावणाऱ्या होत्या.

गावापर्यंत येता येता त्यातले शरीर गळाले आणि रंग राहिला. हे का झाले, त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. फरशीत कोन कोरायला गवंडी थांबवावा लागतो, भिंत रंगवायला पेंटर दोन दिवसांत मोकळा होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. रंग हा त्यातला दिसणारा, फोटोत येणारा खर्च आहे. अंगणवाडीताईंना दोष देण्यात अर्थ नाही. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमधल्या नोंदी यांतून त्यांना भिंतीकडे पाहायला उसंत कुठली?

पण टीका तर केली पाहिजे. मी पाहिलेल्या अनेक भिंतींवर जिराफ आणि सिंह आहेत. भिगवणकडच्या मुलांना हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर दिसणारा रोहित पक्षी क्वचितच आहे. यावर सोपा उपाय सुचतो : जिराफाच्या जागी रोहित काढावा. तो उपाय अपुरा आहे. रोहितही पेंटरच काढणार, आणि तोही ऑइलपेंटने. मूल त्याच्यासमोर बसून पाहणार आणि ताईंच्या मागे नाव म्हणणार. चित्र स्थानिक झाले तरी मूल प्रेक्षकच राहिले. त्यावर खडूने काही जोडले, तर ते ‘भिंत घाण करणे’ ठरते. ज्या भिंतीवर मुलाने रेघ ओढणे हा अपराध आहे, ती भिंत मुलासाठी आहे, असे कसे म्हणावे?

साधी गोष्ट उंचीची. पाच वर्षांखालच्या मुलाची उंची अंगणवाडीत नियमित मोजून नोंदवली जाते. पण फळा, खुंटी, हात धुण्याचा नळ आणि खिडकीचा कठडा यांची उंची त्या मापाशी कोणी ताडून पाहत नाही. पुण्यासह जगातल्या काही शहरांत राबवलेल्या ‘अर्बन ९५’ या उपक्रमाचे नाव तीन वर्षांच्या मुलाच्या सरासरी उंचीवरून, पंच्याण्णव सेंटिमीटरवरून, घेतले आहे. शहर तेवढ्या उंचीवरून पाहावे, ही त्यामागची कल्पना. आपल्या खेड्यात ते माप वहीत आधीच आहे. ते भिंतीपर्यंत नेण्याचेच काम बाकी आहे.

५.

अंगणवाडीला दिवाळीची सुट्टी लागते आणि तीच मुले अंगणात येतात. तिथे वेगळे दृश्य दिसते.

या दोन तालुक्यांत नाव घेण्यासारखा डोंगरी किल्ला नाही. इतिहास मात्र आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे आज बारामती तालुक्यात मोडते, आणि इंदापूरही त्याच जहागिरीतले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला एकही इथला नाही. इथल्या मुलाने किल्ला पाहिला असेल तर सहलीत, पुस्तकात किंवा मोबाइलवर. म्हणजे अंगणातला किल्ला ही समोरच्या वस्तूची नक्कल नव्हे. सपाट रानातले मूल ऐकलेल्या डोंगराची रचना करते, आणि ती हाताशी असलेल्या मातीत करते.

माती हा पहिला प्रश्न. निरा डाव्या कालव्याच्या बागायत पट्ट्यात ती काळी असते. ओली असताना हवा तो आकार घेते, वाळली की आकसते आणि बुरुजाला उभी भेग पडते. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात मुरूम मिळतो. तो भेगाळत नाही, पण नुसत्या पाण्याने धरतही नाही. मुले यावर उपाय काढतात. काळ्या मातीत भुसा, शेण, चुरलेले पाचट मिसळतात. मुरमाच्या भागात आधी दगड-विटांचा सांगाडा रचतात आणि चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पांघरतात. झाडीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. ती वसुबारसेपर्यंत उगवायला हवी, म्हणून कधी पेरायची याचा हिशेब मागे मोजत करतात. कोणतेही मोठे माणूस हे ‘सहरचनेचे तंत्र’ म्हणून शिकवत नाही.

एका वस्तीवरचा प्रसंग माझ्या टिपणात आहे. मोठ्या मुलांनी किल्ल्यावर तळे केले होते. चारेक वर्षांची एक मुलगी तांब्याने त्यात पाणी ओतत होती. पाणी झिरपून एका कडेने फुटले आणि तटबंदी धुऊन ओघळ खाली गेला. मोठ्यांनी तिला ओरडून बाजूला केले आणि ओघळ बुजवला. ती पुन्हा आली, पुन्हा पाणी ओतले, ओघळ त्याच जागी फुटला. तिसऱ्या वेळी त्यांच्यातला एक जण म्हणाला, “राहू दे, हितनं नदी काढू.” मग त्या ओघळाच्या दोन्ही बाजूंना दगड लागले, वर बर्फीच्या डब्याच्या झाकणाचा पूल झाला आणि किल्ल्याचा दरवाजा पुलासमोर हलवला गेला. त्या मुलीला कोणी मत विचारले नव्हते. तिने मोडले, आणि तिच्या मोडण्यातून किल्ल्याचा आराखडा बदलला. मेरीलँडमध्ये कात्री आणि गोंद घेऊन कल्पना मिसळायच्या त्या इथे पाण्याने मिसळल्या.

सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या भागां’चा सिद्धांत मांडला होता. एखाद्या जागेत हलवता-बदलता येणाऱ्या गोष्टी जितक्या अधिक, तितकी तिथे कल्पकता अधिक, असे त्याचे सार. त्याआधी १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रूप येथे जर्मन ताब्याच्या काळात सोरेन्सन यांच्या कल्पनेतून भंगाराचे क्रीडांगण सुरू झाले होते. तयार घसरगुंडीऐवजी फळ्या, विटा आणि माती त्यात होती. आपल्या अंगणातला किल्ला याच जातीचा आहे. फरक इतकाच की त्याला कोणी सिद्धांत दिला नाही, म्हणून त्याला शिक्षणाच्या चर्चेत जागा मिळाली नाही.

त्याला जागा मिळाली ती दिवाळी अंकांत, आठवणींच्या लेखांत. या लेखनाकडे समीक्षकाने एकदा नीट पाहायला हवे. किल्ल्याच्या आठवणींचा लेख हा मराठीतला एक स्थिर प्रकार झाला आहे. त्यात चिखल असतो, थंडी असते, फराळाचा वास असतो आणि शेवटी ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ असा उसासा असतो. पण किल्ला कुठे करायचा हे कोणी ठरवले? कोणाच्या अंगणात केला? पाणी कोण वाहत होते? मुली किल्ल्यावर होत्या की समोर रांगोळीवर? गावाच्या दुसऱ्या टोकाची मुले त्यात होती का? हे प्रश्न त्या लेखांत बहुधा येत नाहीत. लेखक सहसा त्या वेळचा ‘दादा’ असतो, पाणी वाहणारा धाकटा नसतो. म्हणून किल्ला हा निर्मळ समतेचा खेळ होता, असा समज होतो. तो खरा नाही. मी पाहिलेल्या किल्ल्यांवर हुकूम मोठ्या मुलाचा चालतो, सगळ्यात लहानांच्या वाट्याला पाणी आणि माती वाहणे येते, आणि मुलींना जागा मिळवावी लागते. वर सांगितलेल्या मुलीची नदी राहिली ती तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन खेपा तिने ओरडा खाल्ला होता.

तरीही किल्ला माझ्या कसोटीला उतरतो, कारण तो मोडता येतो. तिथली सत्ता पक्की नसते, कारण मालच पक्का नसतो. धाकट्याचा एक तांब्या दादाचा बुरुज पाडू शकतो, आणि दादाला त्याच्याशी काही तरी तडजोड करावी लागते.

बाजारात मिळणारा प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आणि किल्लेस्पर्धा यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. तयार किल्ला मोडला की तो फुटलेली वस्तू होतो, त्यात नवे काही होण्याची सोय नाही. स्पर्धेत परीक्षक पुरा झालेला किल्ला पाहतात, खऱ्या किल्ल्याशी तो किती जुळतो याला गुण देतात, आणि मग वडील, काका मोजपट्टी घेऊन उतरतात. इतिहासाची अचूकता शिकवण्यासारखी आहे, पण ती मोठ्या वयात आणि वेगळ्या तासाला. चार वर्षांच्या मुलाला स्पर्धेच्या किल्ल्याजवळ ‘हात लावू नकोस’ म्हणून लांब बसवले जाते. म्हणजे तो किल्लाही अंगणवाडीच्या भिंतीसारखाच झाला.

६.

दिवाळीच्या याच दिवसांत या तालुक्यांत दुसरी मुले येतात. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे साखर कारखाने आहेत. दसऱ्यापासून गळीत हंगामाची तयारी सुरू होते, आणि बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून मुकादमांबरोबर टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना गावी ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे. शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासून लागू होतो. सहा वर्षांखालची मुले मात्र आईबरोबर येतात. म्हणजे ज्या वयाविषयी हा लेख आहे, नेमके तेच वय फडावर असते.

या तळांवर मी मुलांना पाचट, वाढे आणि चिंध्या घेऊन लहान कोपी करताना पाहिले आहे. चार काठ्या टेकवायच्या, वर पाचट, आत चुलीचे तीन दगड. वाऱ्याने पडली की पुन्हा करायची. ही पुनरावृत्ती त्यांच्या आईबापांच्या जगण्यातलीच आहे : दर हंगामात नवा तळ, नवी कोपी. या खेळाची गोड आठवण कोणी दिवाळी अंकात लिहिलेली माझ्या वाचनात नाही. गावातला किल्ला आणि तळावरची कोपी यांत हाताचे कसब सारखेच आहे. जागा तेवढी वेगळी. किल्ला रस्त्यावरून येणारा-जाणारा थांबून पाहतो, कोपी पाहायला कोणी थांबत नाही.

या मुलांचाही गावच्या अंगणवाडीवर हक्क आहे. काही ताई ती मुले आपणहून बोलावून घेतात, आहारही देतात, हे मी पाहिले आहे. पण मूल तिथे टिकत नाही. तळ दूर असतो, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, भाषेचा हेल वेगळा असतो आणि टोळी फड बदलते. इथे कोसबाडचा धडा उपयोगी पडतो. मुलांचे न येणे हा अभिप्राय मानला, तर अंगणवाडीने हंगामापुरते तळावर गेले पाहिजे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक ताडपत्री, एक पेटी, माणूस आणि त्या माणसाचे मानधन एवढे लागते. पाचट तर तिथे ढीगभर असते.

७.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, एवढ्या लहान मुलांना काय कळते? हा आक्षेप ‘मत’ डोळ्यांसमोर ठेवून घेतला जातो. चार वर्षांच्या मुलाला अंदाजपत्रक कळत नाही, हे खरे. पण खिडकी उंच आहे, फरशी थंड आहे, अंगणातल्या कडुनिंबाची सावली दुपारी कुठे सरकते, हे त्याला अंगाने कळते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो गंभीर आहे. विटा, पाणी, पाचट यांबरोबर मोठ्यांचे लक्ष हवेच. पण लक्ष ठेवणे आणि हात न लावू देणे यांत फरक आहे. तिसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर घेता येईल : किल्ल्याला अंगणवाडीत आणले, तर त्याचाही उपक्रम होईल, नोंदवही येईल, फोटो काढावे लागतील. हा धोका मी मान्य करतो. म्हणून किल्ला अंगणवाडीत न्यावा, असे माझे म्हणणे नाही. किल्ल्यात जी एक गोष्ट आहे, मोडून पुन्हा करण्याची मोकळीक, तेवढीच न्यावी.

ती नेणे फार खर्चाचे नाही. अंगणवाडी पुन्हा रंगवायची वेळ येईल तेव्हा एक भिंत मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंत नुसती काळी ठेवावी. ती खडूची, रोज पुसायची. अंगणाच्या एका कोपऱ्यात माती-वाळूचा ढीग आणि जवळ पाण्याची बादली असावी. काळी माती असेल तर भुसाही ठेवावा. दुरुस्तीचा आराखडा करण्याआधी ग्रामसेवक आणि ताईंनी एक सकाळ मुलांच्या मागे हिंडावे, ती कुठे बसतात, कुठे जात नाहीत, कशावर चढतात, ते पाहावे. क्लार्क-मॉस यांचा कॅमेरा नसला तरी चालेल, ताईंच्या हातात मोबाइल आहेच. आणि बांधून झाल्यावर वर्षाने पुन्हा पाहावे : मुलांनी त्यात काय बदलले? काहीच बदलले नसेल, तर जागा चांगली राखली म्हणून पाठ थोपटून घेऊ नये. मुलांना तिथे काही करताच आले नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

मराठी साहित्यव्यवहाराकडूनही एक अपेक्षा आहे. किल्ल्याच्या आठवणी पुढेही लिहिल्या जातील, आणि त्या लिहिल्या जाव्यात. पण पाणी वाहणाऱ्या धाकट्यांनी, रांगोळीपासून किल्ल्यावर आलेल्या मुलींनी आणि ज्यांच्या वाट्याला कोपीच आली त्यांनीही त्या लिहायला हव्यात. आज या दोन तालुक्यांत फिरणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या पाच दिवसांत एकाच किल्ल्याजवळ बसून कोण काय रचते, कोण काय मोडते आणि त्यानंतर काय बदलते, याची रोजची नोंद ठेवली, तर मुलांच्या सहभागाविषयी आपण परक्या शिड्यांवरून जे बोलतो, त्याला इथल्या मातीतला पुरावा मिळेल. त्या नोंदीत माझी कसोटी टिकली नाही, तर तीही मोडून नवी करायला हरकत नाही.